बाबांच्या वहीतल्या तीन नोंदी

परभणीहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. वय एकसष्ट, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त. यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांची २०१८ ची डिझेल डिझायर अंगणात पत्र्याखाली उभी असते. शेजारचा मुलगा आठ-पंधरा दिवसांतून एकदा ती वसमत रोडला फिरवून आणतो. आजवर ७४ हजार किलोमीटर झालेत. थोरली लेक केंद्र सरकारच्या नोकरीत आहे आणि तिची तीन वर्षांसाठी श्रीनगरला बदली झाली आहे. नोव्हेंबरअखेर रुजू व्हायचंय. ती म्हणते, बाबांची गाडी मी घेऊन जाते. धाकटा मुलगा म्हणतो, विकून मोकळं व्हा. गाडीचं काम बघणारा मेकॅनिक बाईंचाच जुना विद्यार्थी. त्याचं मत असं: "बाई, ही गाडी तिकडच्या थंडीत तग धरायची नाही. न्यायचीच म्हणाल तर इंजिन खोलावं लागंल, साठेक हजार धरून चाला. त्यापेक्षा काढून टाका, गिऱ्हाईक मी बघतो." यजमान गाडीची वही ठेवत, तिच्यातल्या काही नोंदीही बाईंनी उतरवून पाठवल्यात. त्यांचे प्रश्न तीन. गाडी तिकडे टिकेल का? तिच्यावर एवढा पैसा घालावा का? आणि मी भावनेच्या भरात वेडेपणा तर करत नाही ना?

ताई,

तुमच्या पाच पानी पत्रात "तिकडची थंडी" जवळपास प्रत्येक पानावर आहे. "इकडचं ऊन" मात्र एकदाही नाही. मला सुरुवात तिथूनच करावीशी वाटते.

माझं लहानपण जालन्याला वडिलांच्या गॅरेजात गेलं. दर वर्षी डिसेंबरात पहिली कडाक्याची थंडी पडली की सकाळी सात वाजता दारात माणसं उभी असायची. सगळ्यांचं एकच गाऱ्हाणं, "थंडीनं बॅटरी उतरली." वडील मान हलवायचे आणि म्हणायचे, बॅटरी मे महिन्यातच मेली होती, फक्त बातमी आज आली. मला तेव्हा तो त्यांचा नेहमीचा तिरकसपणा वाटायचा. पण बोलणं शंभर टक्के खरं होतं. बॅटरीला आतून झिजवते ती उष्णता. त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांत, तापलेल्या बॉनेटखाली, तिच्यातलं पाणी उडतं आणि आतल्या शिशाच्या जाळ्या गंजतात. उन्हाळ्यात इंजिन सहज फिरतं, म्हणून अर्धमेली बॅटरीही वेळ मारून नेते. थंडीत दोन्हीकडून कोंडी होते. शून्य अंशाच्या आसपास बॅटरीची ताकद साधारण तिसऱ्या हिश्श्यानं घटते, आणि नेमकं त्याच वेळी ऑइल घट्ट झालेलं असल्यानं सेल्फला जास्त जोर लावावा लागतो.

म्हणून "गाडी तिकडे टिकेल का" हा प्रश्न मी जरा फिरवून विचारतो. परभणीच्या सात-आठ उन्हाळ्यांनी गाडीत काय काय बिघडवून ठेवलंय, जे इथे कधी जाणवलंच नाही? कारण श्रीनगरच्या रस्त्यांवर हीच गाडी शेकड्यांनी धावते. तिकडच्यांसाठी कारखाना वेगळं इंजिन बनवत नाही. फरक पडतो तो गाडीची निगा राखण्यात.

आता वही. तुम्ही लिहिलंय, "यातलं मला काही कळत नाही, पण त्यांचं अक्षर आहे म्हणून उतरवलं." बरं झालं उतरवलंत. सगळ्या पत्रात कामाचं सगळ्यात जास्त तिथेच आहे. तीन नोंदी पुन्हा बघू.

"मे २०२१. जिंतूरला जाताना गाडी गरम. व्हॉल्व्ह काढला. आता ठीक."

हा व्हॉल्व्ह म्हणजे थर्मोस्टॅट. इंजिन गार असेपर्यंत तो बंद राहून पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. ऐंशी-पंच्याऐंशी अंशांच्या पुढे गेलं की उघडतो. जुना झाला की कधी कधी बंदच अडकतो आणि गाडी गरम होते. नवा बसवणं हा त्यावरचा उपाय. पण आपल्याकडे सर्रास तो काढूनच टाकतात. लातूर असो, बीड असो, नांदेड असो, "आपल्या हवेत लागत नाही" असं ठोकून सांगतात. आमच्या गॅरेजातही हे पाप झालंय, नाकारत नाही. परभणीत त्याचा त्रास फारसा जाणवत नाही, डिझेल थोडं जास्त जातं इतकंच. काश्मीरच्या जानेवारीत मात्र अशा गाडीचं इंजिन तास तास चालूनही धड गरम होणार नाही. धूर होईल, ॲव्हरेज पडेल, झीज वाढेल, आणि इंजिनच गार म्हटल्यावर आत ऊब कुठून येणार?

"ऑगस्ट २०२१. डावीकडे पायाखाली कुलंट गळतं. हीटरचे दोन्ही पाइप एकमेकांना जोडले. हीटर लागतो कुणाला!"

हे वाचून मी हसलो. यजमान गमतीचे असणार. डॅशबोर्डच्या मागे एक छोटा रेडिएटर असतो. इंजिनचं गरम पाणी त्यातून फिरतं आणि पंखा ती ऊब आत ढकलतो. तो गळायला लागल्यावर त्याला वगळून पाइप जोडून टाकला. परभणीच्या हिशेबानं शहाणपणाचंच काम. पण बर्फाच्या प्रदेशात हीटर चैनीसाठी नसतो. समोरच्या काचेवर आतून वाफ धरते, बाहेरून दहिवर गोठतं. हीटरची हवा काचेवर मारल्याशिवाय पुढचं दिसत नाही. लेकीच्या गाडीत हीटर चालू नसणं म्हणजे तिनं डोळ्यांवर ओढणी बांधून गाडी चालवणं.

"एप्रिल २०२२. पाणी टाकलं, दोन लिटर."

ही तिसरी नोंद साधी दिसते, आणि तीच सगळ्यात महागात पडू शकते. पाणी गोठताना साधारण नऊ टक्क्यांनी फुगतं. इंजिनच्या पोटात ते गोठलं तर रेडिएटर फुटतो, दैव रुसलं तर ब्लॉकला चीर जाते. म्हणून कुलंट, म्हणजे पाण्यात मिसळायचं, ते गोठू न देणारं द्रव. निम्मं कुलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर असं मिश्रण साधारण उणे पस्तीस अंशांपर्यंत गोठत नाही. पण त्यात दर उन्हाळ्यात बोअरचं पाणी ओतत गेलं की कुलंट नावालाच उरतं, वर क्षारांचा थर बसतो तो वेगळाच. श्रीनगरला रात्री उणे पाच, उणे सहा सहज होतं. काही वर्षी दल सरोवराचा वरचा थर गोठतो, तिथे तुमच्या रेडिएटरमधल्या बोअरच्या पाण्याची काय कथा! उलट बाजूही सांगून ठेवतो, कारण उत्साही लोक तिकडे वळतात: नुसतं घट्ट कुलंट भरलं तर ते जास्त सुरक्षित होत नाही. ठरलेल्या प्रमाणापुढे त्याचा गोठणबिंदू पुन्हा वर यायला लागतो.

म्हणजे काम काय? थर्मोस्टॅट नवा, हीटरचा छोटा रेडिएटर बदलून पाइप पूर्ववत, सगळी कूलिंग लाइन धुऊन नवं कुलंट. त्याच वेळी रबरी पाइप आणि पट्टा बघून घ्यायचे. दोन वर्षं जवळपास उभ्या असलेल्या गाडीचं रबर चालत्या गाडीपेक्षा लवकर तडकतं. बॅटरी तीन वर्षांहून जुनी असेल तर मागेपुढे न बघता नवी घ्या. नवी असेल तर लोड टेस्ट, म्हणजे भार टाकून ती किती जोर धरते याची तपासणी, करून घ्या. नुसतं मीटर लावून "साडेबारा दाखवतंय" म्हणणाऱ्यावर विसंबू नका, कारण मरायला टेकलेली बॅटरीही निवांत असताना साडेबारा दाखवते. आणि हीटर प्लग. डिझेल गाडीत चावी फिरवल्यावर स्प्रिंगसारखा दिवा लागतो ना, तो या प्लगांचा. गार इंजिनात डिझेल पेटावं म्हणून ते आतली हवा तापवतात. परभणीत चारपैकी दोन मेले तरी गाडी पहिल्या सेल्फला चालू होते, म्हणून कुणी बघत नाही. चारही तपासायला सांगा.

यात इंजिन खोलणं कुठे आलं? मलाही तेच कळलं नाही. ७४ हजार किलोमीटर डिझेल इंजिनला फार नाहीत. ऑइल कमी होतंय का, निळा धूर येतो का, चढावर दम टाकते का, यातलं काहीच तुमच्या पत्रात नाही. आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासून कागदावर आकडे मागा. आकडे बरे असतील तर इंजिनला हात लावू देऊ नका. फक्त ऑइल बदला. डब्यावर 5डब्ल्यू-30 असं लिहिलेलं असतं, त्यातला डब्ल्यू हिवाळ्याचा. तो आकडा जितका लहान, तितकं ऑइल थंडीत पातळ राहतं. गाडीच्या पुस्तिकेत जो ग्रेड दिलाय तोच घ्या. आपल्याकडे "उन्हाळ्यात जाड बरं" म्हणून पिंपातलं 20डब्ल्यू-50 ओततात, ते तिकडच्या सकाळी पाकासारखं होईल.

तुमच्या विद्यार्थ्याबद्दल. त्याला फसवा समजू नका. त्यानं बर्फ पाहिलेला नाही, आणि न पाहिलेल्या गोष्टीला माणूस एकतर फार घाबरतो नाहीतर अजिबात घाबरत नाही. पण गाडी काढून टाका म्हणणाराच गिऱ्हाईक आणणारा असेल, तर त्याचं मत एकटं धरू नये. त्याच्या प्रामाणिकपणाशी याचा संबंध नाही, कुणाच्याही बाबतीत मी हेच सांगेन. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये एकदा तपासणी करून लेखी यादी घ्या. मग ती यादी आणि वही घेऊन त्याच्याकडे जा आणि विचारा: बाळा, २०२१ मध्ये व्हॉल्व्ह काढला होता, तो परत बसवशील का? बाईंनी विचारलं म्हटल्यावर तो बसवेल. तुम्ही त्याचं पाटीवरचं शुद्धलेखन तपासलंय, एक थर्मोस्टॅट तपासायला काय हरकत आहे.

आता तुमच्या दुसऱ्या गृहीताकडे येतो. ते तुमचंच नाही, लेकीचंही आहे. गाडी नोव्हेंबरातच, तिच्यासोबतच गेली पाहिजे, हे कुणी ठरवलं? काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस 'चिल्ला-ए-कलान' म्हणतात, थंडीचा सगळ्यात कठोर काळ. त्यानंतर वीस दिवसांचा धाकटा आणि दहा दिवसांचा बच्चा. लेक नोव्हेंबरअखेर पोहोचणार म्हणजे नवं शहर, नवं ऑफिस, नवं घर आणि तीन आठवड्यांत बर्फ. ती गाडी चालवायला शिकली ती गंगाखेड रोडला, असं तुम्ही लिहिलंय. रस्ता खड्ड्यांचा असेल, पण निसरडा नव्हता. पहाटे डांबरावर बर्फाचा पातळ थर धरतो, तो काचेसारखा पारदर्शक असल्यामुळे नुसता ओला रस्ता वाटतो. त्यावर ब्रेक दाबला की गाडी आपलं ऐकत नाही. शिवाय नागपूरला लागणारा ४४ क्रमांकाचा महामार्ग थेट श्रीनगरला जात असला, तरी हिवाळ्यात रामबनच्या पट्ट्यात दरडी आणि बर्फामुळे तो वारंवार बंद पडतो.

माझा सल्ला असा: पहिला हिवाळा तिनं गाडीविना काढावा. ऑफिसच्या जवळ घर घ्यावं, लागेल तेव्हा टॅक्सी करावी. गाडी उभी करायला छप्पर मिळतं का, शेजारी आपली गाडी रात्री कशी ठेवतात, जवळचा चांगला मेकॅनिक कोण, हे सगळं बघून घ्यावं. एप्रिलमध्ये, ट्युलिपची बाग उघडते त्या सुमारास, भावानं आणि तिनं मिळून गाडी न्यावी किंवा गाड्या वाहून नेणाऱ्या ट्रकनं पाठवावी. मग गाडीला आणि तिला, दोघींना उन्हाळा-पानगळ मिळेल आणि पुढच्या नोव्हेंबरात तिथलाच मेकॅनिक हिवाळ्याची तयारी करून देईल. यानं तुमचाही खर्च विभागला जातो. बॅटरी, कूलिंग, प्लग, ऑइल इथे. टायर तिथे. हिवाळी टायरचं रबर सात अंशांच्या खालीही मऊ राहतं, आपलं नेहमीचं रबर तोवर कडक होऊन पकड सोडायला लागतं. असे टायर परभणीत शोधत फिरू नका. बर्फावरच्या साखळ्याही तिथेच घ्याव्यात. तुमची गाडी पुढच्या चाकांवर चालते, तेव्हा साखळ्या पुढच्या चाकांना. हे सांगावं लागतं, कारण लोक मागे लावून मोकळे होतात. हवेचंही ध्यानात ठेवायला सांगा: तापमान साडेपाच-सहा अंशांनी उतरलं की टायरमधला दाब साधारण एक पीएसआयनं कमी होतो. परभणीच्या दुपारी तेहतीस भरलेली हवा तिकडच्या पहाटे सत्तावीसवर आलेली असते, टायर पंक्चर नसताना.

त्याआधी एक कागदी काम, आणि ते मला दुरुस्तीपेक्षा तातडीचं वाटतं. पत्रात तुम्ही गाडी अजून "यांच्याच नावावर" असल्याचं ओझरतं लिहिलंय. ताई, मालक गेल्यावर वारसाच्या नावावर गाडी करून घेण्याची मुदत तीन महिन्यांची असते. त्यासाठी फॉर्म ३१ असतो. सोबत मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद. उशीर झालाय, दंड भरावा लागेल, पण आता थांबू नका. विम्याचंही तेच. पॉलिसी गेलेल्या माणसाच्या नावावर राहिली आणि अपघात झाला, तर भरपाईच्या वेळी वांधे होतात. सरळ लेकीच्याच नावावर करता येते का ते आरटीओत विचारा, म्हणजे दोनदा हेलपाटे नकोत. मुलाचं संमतीपत्र लागेल. तो विका म्हणतोय, तेव्हा त्याच्याशी आधी शांतपणे बोला. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर तिथला नंबर घ्यावा लागतो, आणि त्यासाठी परभणी आरटीओची एनओसी. म्हणजे एमएच-२२ हा नंबर जाईल. तुम्हाला हे आधीच माहीत असावं, म्हणून सांगतो.

लेकीसाठी काही गोष्टी, तिला हा मजकूर दाखवा. बर्फ पडलेल्या सकाळी गाडी चालू करण्याआधी मागे जाऊन सायलेन्सरचं तोंड मोकळं करायचं. ते बर्फानं बुजलेलं असताना काचा लावून, हीटर चालू ठेवून आत बसलं तर विषारी वायू आत शिरतो. त्याला वास नसतो, माणूस झोपल्यासारखा जातो. बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवून गाडी गरम करायची नाही, पाच मिनिटंही नाही. रात्री हँडब्रेक ओढून ठेवला तर तो गोठून अडकू शकतो. सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावावा. काचेवरच्या बर्फावर गरम पाणी ओतलं तर काच तडकते. आणि वायपरच्या टाकीत साधं पाणी नको. हे मी स्वतःच्या खिशातून शिकलोय: मनालीला डिसेंबरात एका पहाटे मी ते बटण दाबत राहिलो, आत बर्फ, आणि पंप जळाला. तिथल्या पोरानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती अजून आठवते.

डिझेलचा मुद्दा मनाली-लडाखच्या सहलीला निघणाऱ्या नांदेड-लातूरच्या वाचकांसाठीही आहे. डिझेलमध्ये मेण असतं. थंडीत ते साखळून फिल्टर तुंबतो आणि गाडी बंद पडते. म्हणून नागपूरला काठोकाठ भरलेली टाकी डोंगरात नेण्यापेक्षा ती कमी होऊ द्यावी आणि श्रीनगरच्या वाटेवरचा बनिहालचा बोगदा ओलांडला की स्थानिक पंपावर भरावी. लडाखसाठी तर इंडियन ऑइलनं नोव्हेंबर २०१९ पासून खास हिवाळी डिझेल आणलंय, ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं. जुने ट्रकवाले रॉकेल मिसळायचे, कुणी टाकीखाली स्टोव्ह पेटवायचे. आजच्या इंजिनच्या पंपाला डिझेलचंच वंगण लागतं, रॉकेल त्याची वाट लावतं. स्टोव्हबद्दल काही लिहायची गरज नसावी. डिझेल फिल्टरमधलं साठलेलं पाणी निघण्याआधी काढून टाका, बास.

राहिला तिसरा प्रश्न, वेडेपणाचा. शेवटच्या पानावर तुम्ही लिहिलंय, "गाडी गेली की अंगण रिकामं दिसेल." आणि त्याच्या वरच्याच ओळीत मेकॅनिकच्या साठ हजारांचा हिशेब आहे. मला वाटतं, हे दोन वेगळे प्रश्न एका पानावर आल्यामुळे एकमेकांत मिसळलेत. गाडीचा हिशेब सोपा आहे. इंजिन खोलणं वगळलं की खर्च साठ हजारांच्या बराच खाली येतो, आणि लेकीला तीन वर्षं माहितीतली गाडी मिळते. सर्व्हिस सेंटरच्या यादीत इंजिनाचं खरंच मोठं काम निघालं, तर मात्र मुलाचं ऐका आणि विका. त्यात यजमानांचा अपमान वगैरे काही नाही. वही बघता ते हिशेबी गृहस्थ होते, त्यांनीही तेच केलं असतं.

अंगणाच्या प्रश्नाला माझ्याकडे पाना नाही. पण एप्रिलपर्यंत गाडी अंगणातच आहे, हे मी सल्ला देताना धरलं नव्हतं, असं म्हणणार नाही. त्या चार-पाच महिन्यांत शेजारच्या मुलाला एक काम सांगा. डिसेंबरात परभणीचा पारा उतरतो, पहाटे गारठा झोंबतो, तेव्हा एक-दोनदा सकाळी साडेसहाला, रात्रभर गार पडलेली गाडी त्याच्याकडून चालू करून घ्या. तुम्ही दारात उभ्या राहा. किती सेल्फ मारावे लागले, धूर पांढरा की काळा, गाडी किती वेळ थरथरली, सगळं वहीत लिहा. तारखेसकट, यजमान लिहायचे तसं. श्रीनगरच्या मेकॅनिकला त्या नोंदी कुठल्याही बिलापेक्षा जास्त उपयोगी पडतील.

आणि वही गाडीसोबत पाठवू नका. पानांचे फोटो काढून लेकीला पाठवा. मूळ वही घरीच असू द्या.